पिवळ्या फरशीवर काय लिहिलंय?

मेट्रोच्या स्टेशनात शिरलं की पायाखाली पिवळ्या फरश्यांची एक लांबच लांब पट्टी दिसते. पुण्यात दिसते, नागपुरात दिसते, मुंबईत दिसते. रेल्वेच्या पुष्कळ फलाटांवरही, कडेच्या थोडं अलीकडे, ती असते. काही फरश्यांवर गोल गोल उंचवटे, तर काहींवर लांबट पट्ट्या. या फरश्यांवरून उड्या मारत गेलेली मुलं मी खूप पाहिली आहेत. पायाला टोचल्यासारखं होतं आणि मजा वाटते. पण ही फरशी कुणीतरी पुष्कळ विचार करून, मोजून-मापून घडवली आहे आणि तिच्यावर चक्क मजकूर लिहिलेला आहे, बरं का! हा मजकूर पायांनी वाचायचा असतो.

चला, आज आपणही तो वाचायला शिकू. फार वेळ लागणार नाही, कारण या लिपीत अक्षरं दोनच आहेत.

लांबट पट्ट्यांची फरशी म्हणते, ‘चल.’ पट्ट्या ज्या दिशेला धावतात, त्या दिशेला सरळ चालत राहायचं. गोल उंचवट्यांची फरशी म्हणते, ‘थांब, पुढे काहीतरी आहे.’ तो जिना असेल, लिफ्टचं दार असेल, रस्ता ओलांडायची जागा असेल, वळण असेल, नाहीतर फलाटाची कड. नेमकं काय, ते फरशी सांगत नाही. ती फक्त सावध करते. मग काठीने चाचपायचं, कान द्यायचे, अंदाज घ्यायचा आणि पुढचं पाऊल टाकायचं.

ज्यांना दिसत नाही किंवा फार कमी दिसतं, त्यांच्यासाठी या दोन अक्षरांनी केवढं काम होतं पाहा. स्टेशनाच्या दारापासून तिकीट खिडकीपर्यंत, तिथून जिन्यापर्यंत, जिन्यावरून फलाटापर्यंत, कुणाचाही हात न धरता जाता येतं.

माझ्या ओळखीच्या एक ताई आहेत. त्या गाणं शिकवतात आणि त्यांना अजिबात दिसत नाही. त्यांच्याबरोबर स्टेशनातून चालताना मी त्यांची काठी नीट पाहिली. उजवा पाय पुढे पडला की काठीचं टोक डावीकडे टेकतं. डावा पाय पुढे पडला की टोक उजवीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार, ती जागा काठी आधीच तपासून ठेवते! काठी डावी-उजवी फिरताना त्यांच्या हाताचं फक्त मनगट हलत होतं, कोपर जागच्या जागी.

मी विचारलं, “ताई, पट्टी तुम्हाला काठीने कळते की पायाने?”

“दोन्हींनी,” त्या म्हणाल्या. “आधी काठी सांगते, मग पाय खात्री करून घेतो. जाड तळाचे पावसाळी बूट घातले ना, की पाय जरा आंधळा होतो बघ.”

आणि गोल उंचवटे लागताच त्या थांबल्या. पुढे दोन पावलांवर जिना होता.

तर ही फरशी जन्मली जपानमध्ये. तिथे ओकायामा नावाचं शहर आहे. सेइची मियाके नावाचे गृहस्थ तिथे विश्रामगृह चालवायचे. असं सांगतात, की पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या एका माणसाच्या अगदी जवळून गाडी गेली, ते त्यांनी पाहिलं आणि तो प्रसंग त्यांच्या मनातून जाईना. त्यांचे एक स्नेही होते, इवाहाशी. त्यांची दृष्टी गेलेली होती. इवाहाशींनी मियाकेंना एक गोष्ट सांगितली : जमिनीवरचं शेवाळ कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते, ते बुटातूनसुद्धा पायाला कळतं!

झालं! मियाकेंना धागा सापडला. पायाला एवढं कळत असेल, तर त्याला कळेल अशी खूण रस्त्यातच का करू नये? १९६५ साली त्यांनी उंचवट्यांची फरशी तयार केली. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामातल्या अंधशाळेजवळ, हमरस्ता ओलांडायच्या जागी, पहिल्या २३० फरश्या बसल्या. पुढे मियाकेंनी पदरमोड करून ठिकठिकाणी फरश्या पोचवल्या. १९७०च्या दशकात जपानच्या रेल्वेने त्या फलाटांवर बसवायला सुरुवात केली आणि मग त्या पसरतच गेल्या. २०१२ साली त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकही ठरलं. त्यामुळे आज ओकायामाहून आलेल्या एखाद्या दृष्टिहीन पाहुण्याला नागपूरच्या मेट्रोत मराठी घोषणा समजणार नाही, पण पायाखालची फरशी समजेल.

आता एक गंमत लक्षात आली का? ब्रेल लिपी तुम्ही पाहिली असेल. कागदावर उठवलेले बारीक बारीक ठिपके. लिफ्टच्या बटणांवरही कधी कधी असतात. हे ठिपके एकमेकांपासून जेमतेम अडीच मिलिमीटर अंतरावर असतात. फरशीवरचे उंचवटे मात्र पाच-सहा सेंटिमीटर अंतरावर! दोन्ही स्पर्शानेच वाचायचे, मग एक एवढं बारीक आणि एक एवढं ढोबळ का?

याचं उत्तर आपल्याच अंगावर आहे. एक प्रयोग करून पाहा. कागदांना लावायची तारेची क्लिप घ्या आणि ती उघडून इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवा, म्हणजे तिला दोन टोकं येतील. टोकं टोकदार नसावीत. आता मित्राला डोळे मिटायला सांगा. टोकांमध्ये एक सेंटिमीटर अंतर ठेवा, ती दोन्ही एकदम त्याच्या बोटाच्या टोकावर हलकेच टेकवा आणि विचारा, ‘किती टोकं लागली?’ तो लगेच म्हणेल, दोन. आता तेवढंच अंतर ठेवून टोकं मनगटाच्या वर, कोपराच्या अलीकडे हातावर टेकवा. तो बहुधा म्हणेल, एकच! तिथे ‘दोन’ म्हणायला टोकं बरीच लांब न्यावी लागतील, चार सेंटिमीटरच्या आसपास. मग तळपायावर करून पाहा. (हा प्रयोग हातापायांवरच करायचा. क्लिप डोळ्यांच्या जवळपासही न्यायची नाही.)

हा प्रयोग दीडशे वर्षांपेक्षा जुना आहे. जर्मनीतल्या लाइपझिगला एर्न्स्ट वेबर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी कंपासमधल्या कर्कटकाची दोन टोकं अंगावर जागोजागी टेकवून पाहिली आणि १८३४ साली त्याबद्दल लिहिलं. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर अंतरावरचे बिंदूही वेगळे कळतात. तळपायाला साधारण दोन सेंटिमीटर लागतात. पाठीला तर त्याहून कितीतरी जास्त.

असं का? त्वचेखाली स्पर्श ओळखणारे सूक्ष्म ग्राहक असतात. त्यातल्या मर्केल पेशी कड, टोक, आकार ओळखण्यात तरबेज. बोटाच्या टोकात या ग्राहकांची दाटी असते, पाठीवर ते विरळ असतात. शिवाय बोटांकडून येणाऱ्या निरोपांसाठी मेंदूने भली मोठी जागा राखून ठेवली आहे. सगळ्या पाठीला मिळून मिळत नाही, तेवढी. म्हणून बोटाला बारीक अक्षर चालतं आणि पायाला ठळक लागतं. त्यातून पायात चप्पल-बूट, अंगात चालण्याची घाई. फरशीवरचे उंचवटे साधारण पाच मिलिमीटर उंच आणि एकमेकांपासून लांब ठेवतात, ते यासाठी.

ब्रेलचा विषय निघालाच आहे, तर थोडं थांबूया. लुई ब्रेल यांचा जन्म फ्रान्समधला, ४ जानेवारी १८०९चा. वडील घोड्यांची खोगिरं करायचे. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कामाच्या खोलीत आरीशी खेळत होता. आरी डोळ्यात गेली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पॅरिसच्या अंधशाळेत शिकताना त्याच्या हाती एक पद्धत आली. शार्ल बार्बिए नावाच्या गृहस्थांनी अंधारातही वाचता यावी म्हणून ती बनवली होती. तिच्यात एकेका खुणेला बारा बारा ठिपक्यांची जागा लागायची. ती बोटाखाली एका वेळी मावायचीच नाही. लुईने बाराचे सहा केले. तीन ओळी, दोन रांगा. आता अक्षर बरोबर बोटाच्या टोकाखाली बसलं. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. म्हणजे तुमच्या ताई-दादाच्या वयाचा!

सहा ठिपक्यांपैकी प्रत्येक एकतर उठवलेला असतो, नाहीतर सपाट. मग एकूण खुणा किती होतील? सहा वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करा. चौसष्ट! त्यातली एक पूर्ण कोरी सोडली तर त्रेसष्ट उरतात. तेवढ्यात मराठीसुद्धा मावते. आपल्या देशातल्या भाषांसाठी १९५१ साली ‘भारती ब्रेल’ ठरली. तिच्यात ‘कमल’ लिहून पाहूया. डावीकडच्या रांगेत वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडच्या रांगेत ४, ५, ६ असे ठिपक्यांचे क्रमांक असतात. ‘क’ म्हणजे १ आणि ३. ‘म’ म्हणजे १, ३ आणि ४. ‘ल’ म्हणजे १, २ आणि ३. वहीच्या पानाखाली रबर ठेवून बोथट टोकाने ठिपके दाबा. पण थांबा! ठिपके कागदाच्या उलट बाजूला उठणार आहेत. म्हणून अक्षरं उजवीकडून डावीकडे आणि आरशात दिसतात तशी उलटी लिहावी लागतील. पाटी आणि दाभणासारख्या टोच्याने ब्रेल लिहिणारी मुलं हे रोज सहज करतात.

आणि मेंदूची करामत ऐका. लहानपणीच दृष्टी गेलेली माणसं बोटांनी ब्रेल वाचत असतात, तेव्हा त्यांच्या मेंदूतला पाहण्याचा भाग कामाला लागलेला असतो, असं १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. डोळ्यांकडून काही येत नाही, म्हणून मेंदूने ती जागा रिकामी ठेवलेली नसते. बोटांचं काम तिथे पोचतं. मला हे वाचून केवढा आनंद झाला होता!

बोटांनी वाचायची आणखी एक वस्तू तुमच्या घरात आहे. आईबाबांकडून शंभराची आणि पाचशेची नोट मागून घ्या. चुरगळलेली नको, शक्यतो कोरी. डावी-उजवी कड बोटाने चाचपा. शंभराच्या नोटेवर चार तिरप्या रेघा उठून आलेल्या असतात, पाचशेच्या नोटेवर पाच. शंभरावर उठावाचा त्रिकोणही असतो आणि पाचशेवर वर्तुळ. आता दोन्ही नोटा एकमेकींवर ठेवून लांबी मोजा. पाचशेची नोट शंभराच्या नोटेपेक्षा ८ मिलिमीटरने लांब आहे. दोनशेची या दोघींच्या मधली. मात्र नोट हजार हातांतून फिरली की उठाव झिजतो. रिझर्व्ह बँकेने २०२० साली ‘मणी’ नावाचं मोबाइल अ‍ॅप आणलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून सांगतं. ताई मात्र पाकिटात नोटांच्या घड्या वेगवेगळ्या घालून ठेवतात. शंभराची एकदा दुमडलेली, पाचशेची दोनदा. दुकानात गल्ल्यापुढे उभं राहून मोबाइल काढण्यापेक्षा हे लवकर होतं, असं त्यांचं म्हणणं.

बरं, फरशीकडे परत येऊ. पायाने वाचायची, तर तिला रंग कशाला? आणि तोही झगझगीत पिवळा?

कारण सगळ्या दृष्टिहीन माणसांपुढे मिट्ट काळोख नसतो. पुष्कळांना थोडंफार दिसतं. कुणाला नुसता उजेड-अंधार कळतो, कुणाला धूसर आकार, कुणाला फक्त समोरचा छोटा गोल. पिवळा रंग पुष्कळ प्रकाश परत पाठवतो. काळपट जमिनीवर तो धूसर नजरेलाही रेघेसारखा दिसतो. पण शेजारची फरशी फिकट पिवळसर असेल, तर ही खूण विरघळूनच जाते. काही इमारतींत शोभेसाठी पिवळ्याऐवजी करड्या फरशीत करडेच उंचवटे बसवतात. ते दिसायला भारी वाटतं आणि ज्यांच्यासाठी केलं, त्यातल्या पुष्कळांच्या उपयोगाचं राहत नाही. मला याचा फार राग येतो.

पायांचं झालं, बोटांचं झालं. आता कानांकडे वळूया. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांग प्रवाशांसाठी राखीव डबा असतो आणि तो फलाटावर ठरलेल्या जागी येऊन थांबतो. डोळस माणूस वरची पाटी वाचून तिथे उभा राहतो. न दिसणाऱ्याने काय करायचं? बऱ्याच फलाटांवर त्या जागी वर एक छोटं यंत्र बसवलेलं आहे. ते सारखं ‘पीं... पीं... पीं...’ करत असतं. आवाजाच्या रोखाने चालत गेलं की डब्याची जागा सापडते.

पण आवाज कुठून आला, हे आपल्याला कळतं कसं? उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला किंचित उशिरा. किंचित म्हणजे किती? आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो आणि दोन कानांत अंतर जेमतेम वीस सेंटिमीटर. भागाकार करा. फरक निघतो सेकंदाच्या दहा हजार भागांपैकी सहा भाग! एवढ्या इवल्याशा उशिरावरून मेंदू ‘उजवीकडे’ असं ठरवतो. शिवाय लांबच्या कानाला आवाज थोडा हळूही येतो, कारण मध्ये डोकं असतं. यंत्राचा आवाज तुटक तुटक असतो, तेही बरंच आहे. सलग घूं घूं आवाजापेक्षा पुन्हा पुन्हा सुरू होणाऱ्या आवाजाची दिशा लवकर कळते. म्हणूनच फलाटावर मोबाइलवर मोठ्याने गाणी लावली, तर या आवाजाचा माग काढणाऱ्याची वाट आपण पुसतो.

आता एक अवघड प्रश्न. फरशीचे उंचवटे पायाला कळावेत, म्हणून उंच हवेत. पण त्याच फरशीवरून व्हीलचेअर जाते, तेव्हा बसलेल्या माणसाला धक्के बसतात. चालायला काठी किंवा वॉकर घेणाऱ्या आजी-आजोबांचा पायही तिथे अडखळू शकतो. एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण! म्हणून पट्टी अरुंद ठेवायची, उंची नेमकी पाच मिलिमीटरच्या आसपास ठेवायची आणि शेजारी सपाट जागा भरपूर सोडायची. सगळ्यांना जाता येईल अशी जागा करायची, तर ज्यांना जायचं आहे त्यांनाच आधी विचारावं लागतं, कारण असले बारकावे कागदावर रेघा मारून लक्षात येत नाहीत.

व्हीलचेअरचा खरा शत्रू म्हणजे पायरी. एकच पायरी, पंधरा सेंटिमीटरची. तुम्ही ती न बघता चढता. व्हीलचेअरवरची तुमच्या वयाची मुलगी तिच्यासमोर अडते. तिथे रॅम्प केला, की ती आपली आपण आत येते. पण रॅम्प म्हणजे नुसती तिरपी फळी नाही. त्याचं गणित आहे आणि ते अगदी सोपं आहे : उंची एक, तर लांबी बारा. पंधरा सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प. तीन पायऱ्यांची उंची ४५ सेंटिमीटर, म्हणजे रॅम्प ५ मीटर ४० सेंटिमीटर.

बाराच का? समजा, मुलगी आणि खुर्ची मिळून वजन ४८ किलो. सरळ वर उचलायचं तर ४८ किलो पेलावे लागतील. एकास बाराच्या चढावर मात्र ४ किलो वजन पेलण्याएवढाच जोर पुरतो (चाकांचं घर्षण सोडून). जोर बारा पट कमी, अंतर बारा पट जास्त. निसर्ग फुकट काही देत नाही, पण हप्त्याने घेतो! आता तीन पायऱ्यांना कुणी दीड मीटरचाच रॅम्प केला तर? जोर जवळजवळ १४ किलोंएवढा लागेल. लहान मुलीच्या हातांना ते झेपणारच नाही. चढताना खुर्ची मागे उलटायची भीती आणि उतरताना सुसाट सुटायची. असे रॅम्प मी पुष्कळ दुकानांपुढे, कार्यालयांपुढे पाहिलेत. एके ठिकाणी तर रॅम्प झकास होता, पण त्याच्या तोंडाशीच मोठ्या कुंड्या मांडलेल्या होत्या!

नीट केलेला रॅम्प आणखी कितीजण वापरतात, ते एखाद्या दुकानापाशी उभं राहून बघा. बाळाची गाडी ढकलणारी आई, गुडघे दुखणारे आजोबा, पाण्याचे जार आणणारा दादा, चाकांची बॅग ओढणारे पाहुणे. पण समजा, यातलं कुणीच नसतं आणि शाळेत व्हीलचेअरवरून येणारी एकच मुलगी असती, तरीही तो रॅम्प व्हायलाच हवा होता. शाळा तिचीही आहे.

हे मी मनाचं सांगत नाही. आपल्या देशात तसा कायदा आहे : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. नावात ‘हक्क’ आहे, पाहिलंत? याआधी १९९५चा कायदा होता आणि त्यात सात प्रकारचं अपंगत्व धरलेलं होतं. नव्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. इमारती, बसगाड्या, रेल्वे, संकेतस्थळं सगळ्यांना वापरता येतील अशी असावीत, असं तो सांगतो. तरी काम रेंगाळतच होतं. राजीव रतुरी नावाचे एक दृष्टिहीन नागरिक यासाठी २००५ सालीच सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सरकारला बजावलं, की सुगमतेचे, म्हणजे सगळ्यांना वापरता येण्याबद्दलचे, नियम ‘जमलं तर करा’ अशा सूचनांसारखे राहून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा. एकोणीस वर्षं! तुम्ही जन्मलाही नव्हतात, तेव्हापासून ते लढत होते. २०११च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून जास्त माणसांची नोंद दिव्यांग म्हणून झाली होती. त्यातल्या प्रत्येकाला रस्त्यावर, शाळेत, बाजारात, नाटकाला जायचं असतं.

मग तुम्ही काय करू शकता? पहिली गोष्ट अगदी सोपी : पिवळ्या पट्टीवर सायकल लावू नका, दप्तर ठेवू नका, घोळका करून उभे राहू नका. मोठी माणसं स्कूटर लावत असतील तर त्यांना सांगा. तुमच्यासारख्या मुलांनी सांगितलं की ऐकतात. पट्टी सरळ विजेच्या खांबात घुसलेली दिसेल, खोदकामानंतर गोल फरशीच्या जागी पट्ट्यांची फरशी बसवलेली दिसेल. हे फार धोक्याचं आहे. ‘थांब’च्या जागी ‘चल’ लिहिल्यासारखं आहे ते.

रस्ता ओलांडायला उभ्या असलेल्या दृष्टिहीन माणसाला मदत करायची असेल, तर आधी विचारा. एकदम दंड धरून ओढू नका. काठीला हात लावू नका. ‘हो’ म्हणाले, तर आपलं कोपर पुढे करा. ते कोपराच्या वर धरतील आणि तुमच्या अर्धं पाऊल मागून चालतील. मग तुम्ही वळलात, पायरी उतरलात, की तुमच्या हालचालीवरून त्यांना ते कळतं. ‘तिकडे’, ‘इथे’ असं म्हणून भागत नाही. ‘उजव्या हाताला, दोन पावलांवर पायरी आहे’ असं सांगायचं. ‘नको’ म्हणाले, तर आपल्या वाटेने जायचं. त्यांना रस्ता ठाऊक असतो.

आणि या महिन्याचा प्रयोग : एक मोजपट्टी आणि एक मित्र घेऊन शाळेचा, वाचनालयाचा, दवाखान्याचा किंवा पोस्टाचा रॅम्प मोजा. रॅम्प जमिनीपासून किती सेंटिमीटर चढतो आणि त्यासाठी किती सेंटिमीटर लांब जातो, ते लिहा. लांबीला उंचीने भागा. उत्तर १२ किंवा जास्त आलं तर रॅम्प पास. पाच-सहाच आलं तर मुख्याध्यापकांना किंवा तिथल्या साहेबांना पत्र लिहा आणि त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवा. पत्रात नुसतं ‘रॅम्प नीट नाही’ असं नको. उंची किती, लांबी किती आणि किती लांबी हवी होती, हे तिन्ही आकडे लिहा, खाली शाळेचं नाव घाला आणि वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या.